गोंदण : खूण, जागा आणि अर्थ

गोंदणाचा रंग त्वचेच्या वर नसतो, आत असतो. सुई बाह्यत्वचेचा पातळ थर भेदून खालच्या जाड थरात उतरते आणि तिथे काजळीचे किंवा शाईचे कण सोडते. बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात झडून नवी होते, म्हणून मेंदी उतरते, हळद उतरते. खालचा थर तसा झडत नाही. हे कण शरीराला परकेच, त्यामुळे भक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात. पण काजळी त्यांना पचत नाही आणि पोटात कण घेऊन त्या जागच्या जागी बसून राहतात. अशी एखादी पेशी मेली की तिचे कण शेजारची नवी पेशी उचलते, असे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले. काळ्या काजळीचे गोंदण पुढे हिरवट-निळे दिसू लागते, त्याचे कारणही खोलीतच आहे. त्वचेत शिरलेल्या प्रकाशातला तांबडा भाग आत शोषला जातो आणि निळसर भाग विखरून परत बाहेर येतो. मराठी बोलण्यातले ‘हिरवे गोंदण’ हिरव्या रंगाने काढलेले नसते.

एकदा अंगावर घेतले की सुटका नाही, हा गोंदणाचा स्वभाव. त्यामुळे माणूस अंगावर कायमचे काय घेतो, कोणाच्या सांगण्यावरून घेतो आणि विचारले तर त्याचा अर्थ काय सांगतो, या प्रश्नांना वजन येते. उत्तर सोपे असावे असे पाहणाऱ्याला वाटते: मोर म्हणजे सौंदर्य, तुळस म्हणजे पावित्र्य, विंचू म्हणजे अमुक. प्रत्यक्षात एकच विंचू शेतात राबणाऱ्या बाईच्या पायावर दंशापासून राखण म्हणून येतो, जत्रेत गोंदवणाऱ्या पोराच्या दंडावर रग म्हणून येतो आणि शहरातल्या मुलीच्या खांद्यावर वृश्चिक रास म्हणून येतो. आकृती तीच, अर्थ तीन. गोंदण कोणी काढले, कोणत्या वयात, अंगाच्या कोणत्या भागावर आणि कोणाला दिसावे म्हणून, हे कळल्याशिवाय आकृतीला काहीच सांगता येत नाही.

गोंदणाचे वय मोठे आहे. १९९१ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सापडलेला ‘ओत्झी’ हा मृतदेह सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या. बहुतेक साध्या रेघा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत. म्हणून त्या दुखण्यावरचा उपचार असाव्यात असा तर्क केला जातो. भारतात हा तर्क परका वाटत नाही. सांधेदुखीवर दुखऱ्या जागी गोंदवून घेण्याची चाल इथल्या अनेक भागांत होती. म्हणजे उपलब्ध पुराव्यातले हे अतिप्राचीन गोंदण कदाचित कशाचेच प्रतीक नसेल. ते औषध असेल. गोंदणामागे दरवेळी गूढ अर्थ शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

महाराष्ट्रातले जुने गोंदण मुख्यतः बायकांचे आणि बायकांनीच काढलेले. सुया, पोत, मणी, बिब्बे विकत गावोगाव हिंडणाऱ्या वैदू आणि तशाच भटक्या समाजांतल्या बायका गोंदणारणी असत. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी तेलात, पाल्याच्या रसात किंवा काही ठिकाणी बाळंतिणीच्या दुधात खलायची, आकृती काडीने अंगावर रेखायची आणि टोचत जायचे. पोर रडू लागली की गोंदणारीण गाणे म्हणे, आजूबाजूच्या बायका पोरीचे हातपाय धरीत. मग वरून हळद. मोबदला सूपभर धान्य, जुनेर, थोडे आणे. लग्नाआधी निदान कपाळावर आणि हातावर काही असावे, अशी अपेक्षा असे.

या व्यवहारात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पाटलाच्या घरातल्या मुलीच्या मनगटावर तुळस काढणारी बाई त्या घराच्या माजघरात जाऊ शकत नव्हती. देवादिकांच्या खुणा अंगावर उमटवायचा आणि त्यांचा अर्थ सांगायचा अधिकार मात्र तिच्याकडे होता. त्या गोंदणाला ना पोथी होती, ना पुरोहित. कोणती खूण कुठे शोभते, कशाने नवऱ्याचे आयुष्य वाढते, कशाने नजर लागत नाही, हे ज्ञान ओसरीवर बसून सुई टोचता टोचता दिले जाई. गोंदणाच्या अर्थांत गावागणिक फरक पडतो त्याचे हेही एक कारण असणार. अर्थ सांगणारी पुढच्या गावाला निघून जात असे आणि तिथे तोच अर्थ थोडा वेगळा सांगत असे.

आकृतींची संख्या फार नव्हती. कपाळावर भुवयांमध्ये उभी चिरी, चंद्रकोर किंवा नुसता ठिपका. हनुवटीवर आणि गालावर ठिपका. मनगटावर आणि हाताच्या पाठीवर तुळस, वृंदावन, कमळ, मोर, लक्ष्मीची पावले. कुठे पाच ठिपक्यांचे पाच पांडव, कुठे राम-सीता. पायावर घोट्याजवळ विंचू किंवा वेल. देवाच्या खुणा कमरेखाली घेत नसत. हनुवटीवरच्या एकट्या ठिपक्याबद्दल विचारले तर निम्म्या बायका ‘शोभेचा’ एवढेच म्हणतील, आणि त्या उत्तरावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. सोन्याची ऐपत नसलेल्या घरात गोंदण हाच दागिना होता. तो चोरीला जात नसे, सावकाराकडे गहाण पडत नसे आणि वाटण्यांत भावजयीकडे जात नसे.

या दागिन्याचा मोठेपणा वैधव्यात कळे. नवरा गेला की कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, मंगळसूत्र उतरे. काही समाजांत केसही जात. कपाळावरची गोंदलेली चिरी तेवढी कोणाला काढून घेता येत नसे. सौभाग्याची म्हणून काढलेली ती खूण सौभाग्य संपल्यावरही तिथेच राही आणि तिचा अर्थ बदलून जाई. गोंदण सौभाग्याचे चिन्ह म्हणून नोंदवणाऱ्या पुस्तकांत हा दुसरा अर्धा भाग क्वचितच येतो.

परलोकाचा अर्थ असाच सर्वत्र ऐकू येतो. मेल्यावर अंगावरचे सारे उतरवून घेतात, बरोबर येते ते गोंदण. यमाच्या दारात बाईला विचारतात, संसारातून काय आणलेस, तेव्हा ती हात पुढे करते. मध्य भारतात याला धाकाची जोड होती: न गोंदलेल्या बाईला वर लोखंडाने डागतात, म्हणून इथेच सुईचे दुखणे सोसलेले बरे. उत्तर भारतातल्या काही भागांत तर न गोंदलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी चालत नसे. इथे गोंदण म्हणजे बाई म्हणून पात्र ठरल्याची खूण. ती हवी की नको हे मुलीला कोणी विचारीत नव्हते. जुन्या गोंदणाबद्दल आज जो हळवा सूर लावला जातो, त्यात ओसरीवर हातपाय धरून ठेवलेली आठ-दहा वर्षांची मुलगी सोयीस्करपणे विसरली जाते.

तरीही त्या चौकटीत आपले असे काही करायला वाव होता, आणि तो नावांत दिसतो. नवऱ्याचे नाव उच्चारणे जिथे निषिद्ध होते, उखाण्याच्या आडोशानेच ते घेता येई, तिथे तेच नाव दंडावर किंवा मनगटाजवळ गोंदवलेले चाले. तोंडाने घ्यायचे नाही ते नाव कातडीने घ्यायचे, अशी ही तडजोड. माहेरचे नाव, भावाचे नाव, जिवलग मैत्रिणीचे नाव गोंदवणाऱ्या बायकाही होत्या. दोघी मैत्रिणींनी लग्नाआधी एकाच दिवशी एकसारखी खूण काढून घ्यायची, मग एक पूर्वेला दिली काय आणि दुसरी पश्चिमेला दिली काय. यांतल्या पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. हातावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, फक्त माहीत होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक, उलटा पडलेला वेलांटीचा फराटा त्यांना कधी खटकला नाही, कारण ती अक्षरे वाचण्यासाठी काढलेलीच नव्हती.

आदिवासी समाजांत गोंदणाचे नियम अधिक रेखीव आहेत. गडचिरोलीतल्या भामरागड परिसरात माडिया स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर ठिपके आणि रेघांचे गोंदण आजही वयस्कर पिढीत दिसते. भिल्ल स्त्रियांत डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला काढलेल्या लहान रेघा ही आपल्या माणसांची ओळख मानली जाते. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे मंडला-दिंडोरी भागातल्या बैगा स्त्रियांचे गोंदण तर आयुष्याच्या टप्प्यांनुसार वाढत जाते. आठ-दहा वर्षांच्या वयात कपाळ, मग हात, पाठ, मांड्या, आणि मूल झाल्यावर छाती. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात या समाजाचे सविस्तर वर्णन केले. बैगांचे गोंदण बादी समाजातल्या बायका काढतात, गोंडांचे ओझा बायका काढीत. म्हणजे इथेही सुई दुसऱ्या समाजाच्या हाती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथमालेत, ज्यात नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे जिल्हेही येतात, गोंदणाच्या नोंदी ठिकठिकाणी आहेत. त्या नोंदींना मोल आहे. उणीव एवढीच की ही खूण कशाची, या प्रश्नावर त्या बहुतेक वेळा थांबतात. गोंदवून घेणाऱ्या बाईचे स्वतःचे म्हणणे त्यांत फारसे सापडत नाही.

गोंदण रूढीचे पालन असते तसे बंडही असू शकते. याचे भारतातले सर्वांत ठसठशीत उदाहरण छत्तीसगडच्या रामनामी समाजाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० च्या दशकात, चारपारा गावच्या परशुराम यांच्याभोवती हा पंथ उभा राहिला. अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांनी रामाचे नावच अंगावर गोंदवून घेतले: कोणी कपाळावर, कोणी छातीवर, आणि काही जणांनी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, पापण्यांसकट. मंदिर नको, मूर्ती नको, पुरोहित नको. नाव अंगातच आहे, आता ते कोण हिरावून घेणार, असा हा सवाल होता. त्यांचा राम निर्गुण आहे हेही लक्षात घ्यायला हवे. दोन अक्षरांची ही खूण नुसती पाहिली तर भक्तीची वाटेल, आणि ती भक्तीची आहेच. पण कोणी कोणाला उद्देशून ती घातली हे कळले की तिच्यातला अपमानाचा जबाब वाचता येतो. अलीकडच्या तरुण रामनामींत पूर्ण अंगावर गोंदवणारे उरले नाहीत. कामासाठी बाहेर पडणाऱ्याला ते परवडत नाही.

जबरदस्तीने केलेले गोंदण ही या विषयाची काळी बाजू. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगालमध्ये १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा आणि शिक्षा यांची नोंद गोंदण्याची तरतूद झाली. ती १८४९ मध्ये रद्द झाली. लोकांच्या शृंगाराची सुई सरकारने दंड म्हणून उचलली होती. वृत्ती मात्र कायद्याबरोबर गेली नाही. १९९३ मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर त्या पाकीटमार असल्याचे शब्द गोंदले. त्या खटल्यात पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. हिंदी सिनेमाने हे दुःख आधीच ओळखले होते. १९७५ च्या ‘दीवार’मध्ये बाप चोर असल्याचे शब्द ज्या मुलाच्या हातावर चिडलेले कामगार गोंदतात, तो पुढे मुंबईत कितीही मोठा झाला तरी त्याला बाही खाली ओढून तो हात झाकता येतो, मिटवता येत नाही. त्या पटकथेचा कणा ते गोंदण आहे.

युरोपात नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले जात. तिथे चार लाखांहून अधिक क्रमांक दिले गेले. माणसाचे नाव जाऊन त्या जागी आकडा येई. दोन पिढ्यांनंतर इस्रायलमध्ये काही नातवंडांनी आजोबा-आजीचा तोच आकडा स्वखुशीने आपल्या हातावर गोंदवून घेतला. २०१२ च्या ‘नंबर्ड’ या माहितीपटात ही माणसे बोलतात. काहींना हे कृत्य भयंकर वाटले, काहींना त्याहून मोठी श्रद्धांजली सुचेना. अंकांत काडीचा फरक नाही. एकाच्या हातावर तो गुलामगिरी आहे, दुसऱ्याच्या हातावर नाते.

महाराष्ट्रात गोंदणारणीच्या सुईची जागा आधी जत्रेतल्या मशीनने घेतली. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ मध्ये घेतले, आणि त्याची कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून आली होती. खेडोपाडीच्या यात्रेत मात्र ते बॅटरीवर घरघरणारे छोटेसे यंत्र घेऊन चटईवर बसलेल्या माणसाच्या रूपाने पोचले. समोर पुठ्ठ्यावर नमुने: ओम, त्रिशूळ, मारुती, बाण घुसलेला बदाम, फूल, विंचू. गिऱ्हाईक बोट ठेवील ते पाच मिनिटांत हातावर. या बदलात दोन गोष्टी झाल्या. गोंदवणारे पुरुष वाढले, आणि नाव हीच प्रमुख आकृती झाली. आईचे नाव, प्रेयसीचे नाव, कधी स्वतःचेच नाव. पूर्वी गोंदण कुळाकडून अंगावर येई. जत्रेतले गोंदण माणूस स्वतः निवडून, आणि पुष्कळदा घरी न सांगता, घेऊ लागला. आधुनिक टॅटूचे मूळ शहरातल्या काचेच्या स्टुडिओत शोधले जाते, ते खरे या चटईवर आहे.

त्याच सुमारास जुन्या गोंदणाला लाज चिकटली. शाळेत जाणाऱ्या मुलींनी नकार दिला, शहरात नोकरीला गेलेल्या मुलाला आईचे गोंदलेले कपाळ अडाणीपणाची खूण वाटू लागले. बायका पदराने हात झाकू लागल्या. ज्या घरात आजीच्या हनुवटीवर ठिपका आहे आणि नातीच्या मानेवर टॅटू, त्या घरात मधल्या पिढीच्या बाईचे अंग बहुधा कोरे असते. या कोऱ्या पिढीमुळेच आजीचे गोंदण आणि नातीचा टॅटू एकाच कुळातले आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

धर्म बदलला तरी गोंदण बदलत नाही, हे १९५६ नंतर दिसले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांनी जुने देव सोडले. देव्हाऱ्यातले टाक काढून टाकता आले, पण वयस्कर बायकांच्या हातांवर लहानपणी गोंदलेली तुळस किंवा देवाची खूण तशीच राहिली. तिचा धर्म गेला आणि ती केवळ बालपणाची खूण उरली. पुढे याच समाजातल्या तरुणांनी नवे गोंदण घडवले: ‘जय भीम’ ही अक्षरे, अशोकचक्र, बाबासाहेबांची स्वाक्षरी. स्वाक्षरी गोंदवण्यामागची निवड विचार करण्याजोगी आहे. चेहरा पुतळ्यातही असतो, तसबिरीतही असतो. स्वाक्षरी म्हणजे लिहिणारा हात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले त्यांनी अंगावर अक्षरच घ्यावे, आणि तेही घटना लिहिणाऱ्याच्या हातचे, यातली धार पाहणाऱ्याला सांगावी लागत नाही.

आजच्या मराठी शहरांत सर्वांत जास्त दिसणाऱ्या टॅटूंत शिवाजी महाराजांचा चेहरा, राजमुद्रा, ‘जगदंब’, त्रिशूळ-डमरू, गणपती, आई-बाबा आणि मुलांची नावे येतात. अभिमान, श्रद्धा आणि घर, हा क्रम गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीत गोंदवून घेणाऱ्या पर्यटकांतही फारसा बदलत नाही. फरक दिसतो तो अगदी खाजगी खुणांत. नवजात बाळाच्या पावलाचा ठसा रुग्णालयातल्या कागदावरून जसाच्या तसा मनगटावर येतो. वारलेल्या वडिलांच्या शेवटच्या पत्रातली सही, आजीच्या हिशेबाच्या वहीतले एखादे वळण, पाळीव कुत्र्याच्या पंजाची खूण. यांचे सौंदर्य रेखाटनात नसते आणि कुठल्याही प्रतीककोशात ती सापडणार नाहीत. त्या माणसाबरोबर त्यांचा अर्थ संपतो.

काही खुणांचा अर्थ जगभर पसरलेला असूनही खाजगी राहतो. अर्धविराम हे त्याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेतल्या एमी ब्लूएल यांनी २०१३ मध्ये आत्महत्येचे विचार, नैराश्य, स्वतःला इजा करणे यांच्याशी झुंजणाऱ्यांसाठी ‘प्रोजेक्ट सेमिकोलन’ सुरू केला. लेखक वाक्य संपवू शकला असता, पण त्याने अर्धविराम देऊन ते पुढे चालू ठेवले, हा त्यामागचा विचार. मनगटावरचा तो एवढासा अर्धविराम ज्याला कळतो त्यालाच कळतो. दुर्दैवाने एमी ब्लूएल स्वतः २०१७ मध्ये गेल्या, तरी त्यांची खूण चालूच आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर शस्त्रक्रियेच्या व्रणावर फुलांची वेल गोंदवणाऱ्या स्त्रियाही याच वाटेच्या. रोगाने काढलेली रेघ अंगावर राहणारच, तर तिच्या वर आपली रेघ काढायची. किरणोपचाराच्या वेळी यंत्राचा नेम रोज त्याच जागी बसावा म्हणून कर्करोगाच्या रुग्णांना बारीक ठिपके गोंदतात, तेही इथे आठवतात. तंत्रज्ञाच्या लेखी त्या ठिपक्यांना काहीच अर्थ नसतो. रुग्ण बरा झाला की तो अर्थ आपसूक येतो.

मग स्टुडिओतल्या नमुनावहीचे काय? तिथे प्रत्येक चित्राखाली अर्थ छापलेला असतो: पिसे म्हणजे स्वातंत्र्य, नांगर म्हणजे स्थैर्य, कमळ म्हणजे चिखलातून वर येणे. हे अर्थ वाईट नाहीत, तयार कपड्यांसारखे आहेत. अडचण होते ती दुसऱ्या समाजाची खूण त्यातून उचलली जाते तेव्हा. पुण्या-मुंबईत ‘ट्रायबल’ म्हणून दंडावर जे काळे वळणदार पट्टे काढले जातात ते बहुतेक पॉलिनेशिया आणि बोर्निओकडचे. बोर्निओतल्या इबान समाजात तरुण घराबाहेर देशाटनाला निघतो तेव्हा दोन्ही खांद्यांवर फूल गोंदवले जाते, आणि ते फूल वांग्याचे असते. न्यूझीलंडच्या माओरींच्या चेहऱ्यावरचा ‘मोको’ घराण्याची वंशावळ सांगतो. परक्याने तो घालणे त्यांना दुसऱ्याची मुद्रा वापरल्यासारखे वाटते, म्हणून बाहेरच्यांसाठी काढलेल्या नक्षीला ते वेगळे नाव देतात. हे सारे नमुने मराठी दंडांवर सर्रास दिसतात. माडियांचे किंवा भिल्लांचे गोंदण त्या वहीत जवळपास नसते. आदिवासी दिसण्याची हौस आहे, पण शेजारच्या आदिवासीसारखे दिसण्याची नाही.

सरकारी नियमांनाही अर्थाची दखल घ्यावी लागली आहे. भारतीय लष्करभरतीत कायमचे गोंदण हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेतल्या गोंदणासाठी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या निकषांत धार्मिक चिन्हे आणि नावे मान्य आहेत, आणि जागा म्हणून डाव्या हाताचा उल्लेख येतो, कारण तो सलाम न करणारा हात. कपाळावर कुळाची खूण घेऊन आलेला तरुण आणि मानेवर हौसेचा ड्रॅगन घेऊन आलेला तरुण यांत लष्कराचा नियम भेद करतो. आकृतीकडे न पाहता ती कुठून आली ते विचारतो. रक्तपेढीचा नियम मात्र अर्थ पाहत नाही. गोंदवल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, कारण न उकळलेल्या सुईतून कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’ आणि एचआयव्ही पसरू शकतात. एका सुईने गावभर गोंदणाऱ्या जुन्या पद्धतीकडे आज परत जाता येणार नाही, ते यामुळेच.

कायमपणाही आता पूर्वीइतका कायम राहिलेला नाही. लेझरचे क्षणार्धाचे झोत रंगकणांचे तुकडे करतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि पिवळा चिवट असतो. अनेक बैठका लागतात, खर्च गोंदण्याच्या कितीतरी पट येतो आणि पुसट सावली राहू शकते. त्यामुळे पुष्कळ लोक कव्हर-अप पसंत करतात, म्हणजे मोडलेल्या नात्याचे नाव मोराच्या पिसाऱ्याखाली किंवा गुलाबाच्या पाकळ्यांत बुडवतात. पाहणाऱ्याला मोर दिसतो. ज्याच्या अंगावर तो आहे त्याला खालचे नाव दिसत राहते. असा मोर प्रतीककोशात कुठल्या पानावर घालायचा?

गोंदणाचा अभ्यास अवघड होण्याचे एक कारण अगदी साधे आहे. दागिने, भांडी, वस्त्रे संग्रहालयात ठेवता येतात. गोंदण माणसाबरोबर चितेवर जाते. बिहारच्या मिथिलेत ते कागदावर उतरले: १९७० च्या दशकात जितवारपूरच्या चानो देवी आणि इतर दुसाध स्त्रियांनी गोंदणाच्या आकृतींतून मधुबनी चित्रांची स्वतंत्र ‘गोदना’ शैली उभी केली. महाराष्ट्रात तसे झाले नाही. इथल्या गोंदलेल्या बायकांची शेवटची मोठी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे, आणि तिच्या अंगावरचे ठिपके सुरकुत्यांत पसरून एकमेकांत मिसळू लागले आहेत. ज्यांच्या घरात अशी आजी, आत्या किंवा मावशी आहे, त्यांनी तिच्या परवानगीने छायाचित्र घ्यावे. पण नुसते छायाचित्र पुरेसे नाही. गोंदवले तेव्हाचे वय, गाव, गोंदणारीण कोणत्या समाजाची होती, मोबदला काय दिला, बरोबर आणखी कोणी गोंदवून घेतले आणि आज ती त्या खुणेबद्दल काय म्हणते, हे तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. ‘शोभेला काढलं’ एवढेच तिने सांगितले तर तेवढेच लिहावे.